अंगणातला साप आणि सरकारी वही

मंडळी, या व्याख्यानमालेत आपण दुष्काळ पाहिला, प्लेग पाहिला. त्यांच्या मानाने आजचा विषय अगदी घरगुती वाटेल. अंगणात निघालेला विषारी साप. याला कसला आलाय इतिहास, असं काही जण म्हणतील. साप तेव्हाही निघत होता, आजही निघतो. माणूस तेव्हाही दचकत होता, आजही दचकतो. खरं आहे. पण त्या सापाबद्दल सरकारने कोणत्या वहीत काय लिहून ठेवलं, आणि काय लिहिलंच नाही, याला मात्र चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि तो आपल्या रत्नागिरीतून आणि परळमधून जातो.

आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, तेव्हा सुरुवात आमच्या घरच्या सापापासून करतो. वेदान्तात एक साप फार प्रसिद्ध आहे, आणि गंमत अशी की तो नसतोच. संधिप्रकाशात दोरी पडलेली आहे, पाहणाऱ्याला ती साप वाटते, घाम फुटतो. दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. गौडपादांच्या कारिकांपासून हा रज्जुसर्प आपल्याकडे चालत आलेला आहे. भ्रम कसा होतो, ज्ञानाने तो कसा जातो, हे सांगायला याच्याइतका सोपा दृष्टान्त नाही.

पण दृष्टान्त अंगणात नेऊन बघा. दोरीला साप समजण्याची चूक स्वस्त आहे. माणूस दोन पावलं मागे सरतो, लोक हसतात, संपलं. उलटी चूक, म्हणजे सापाला दोरी समजणं, ती महाग. पहाटे गोठ्याकडे जाणाऱ्या बाईने वाटेतलं दावं म्हणून उचललं आणि ती घोणस निघाली, तर तिथे दिवा आणून ज्ञान होतं, पण उशीर झालेला असतो. शास्त्रकारांना भ्रमाचं स्वरूप सांगायचं होतं, त्यांच्या कामाला पहिली चूक पुरेशी होती. सर्पदंशाचा इतिहास मात्र सगळा दुसऱ्या चुकीचा इतिहास आहे. जे आहे ते न दिसण्याचा. आज आपल्याला हेच पाहायचं आहे की ही चूक अंगणातल्या बाईपेक्षा कचेरीतल्या साहेबाने किती मोठ्या प्रमाणावर केली.

आधी अंगण नीट पाहून घेऊ. शहरातल्या श्रोत्यांना अंगण म्हटलं की तुळशीवृंदावन आणि रांगोळी आठवते. खेड्यातलं अंगण आणि त्यामागचं परस ही कामाची जागा आहे. तिथे जळणाचा ढीग असतो, गोवऱ्या रचलेल्या असतात, गवताची गंजी असते, न्हाणीचं सांडपाणी वाहत असतं, कोकणात असाल तर चिऱ्यांचा गडगा असतो. धान्य आहे म्हणून उंदीर आहे, पाणी आहे म्हणून बेडूक आहे, आणि हे दोघं आहेत म्हणून साप आहे. साप आपल्या घरात येतो असं आपण म्हणतो. खरं तर आपणच त्याच्यासाठी कोठार भरून ठेवलेलं असतं, आणि तो जेवायला येतो. माणसाशी त्याचं काही काम नसतं.

माणसं मरतात ती मुख्यतः चौघांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग फणा काढून सूचना तरी देतो. घोणस प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात. फुरसं हे वीतभर-हातभराचं, मातकट रंगाचं, दगडाखाली बसणारं. अंगाच्या वेटोळ्या एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. आणि मण्यार. काळीभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, दिवसा निरुपद्रवी वाटावी इतकी मंद. रात्री उंदराच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही सापडत नाही, सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं असेल. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

आता वहीकडे येऊ. कोलकात्यात जोसेफ फेयरर नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. हिंदुस्थानातल्या विषारी सापांवरचा त्यांचा चित्रांसह भला थोरला ग्रंथ १८७२ साली निघाला. पण चित्रांपेक्षा मोलाचं काम त्यांनी वेगळंच केलं होतं. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या सरकारांना विचारलं की तुमच्याकडे १८६९ या एका वर्षात साप चावून किती माणसं मेली. उत्तरं जमवली तेव्हा आकडा आला ११,४१६. तोही सुमारे बारा कोटी लोकवस्तीच्या भागापुरता, साऱ्या देशाचा नव्हे. हा आकडा कमी आहे, खरा याहून मोठा असणार, हे फेयररना दिसत होतं. कारण तो आकडा वर कसा चढत होता ते बघा. गावात माणूस मेला की पाटील किंवा चौकीदार सांगणार, ठाणेदार लिहिणार, तालुक्याला जाणार, जिल्ह्याला जाणार. ज्याने सांगायचं त्यालाच जर वाटलं की काहीतरी बाधलं असेल, तर तो मृत्यू वहीत कुठल्या रकान्यात पडणार?

फेयररनी प्रश्न बरोबर विचारला होता: माणसं किती मेली? सरकारने त्यातून उत्तर काढलं: साप मारा. मेलेल्या सापामागे बक्षीस देण्याची पद्धत काही ठिकाणी आधीपासून होतीच, आता ती देशभर फोफावली. दरवर्षी सरकारी गॅझेटात तक्ते छापून येऊ लागले. इतके वाघ मारले, इतके लांडगे, इतके साप, बक्षिसापोटी इतके रुपये खर्च. १८८० नंतरच्या दशकातले हे तक्ते पाहिले तर सापांच्या रकान्यात लाखांचे आकडे दिसतात, आणि शेजारच्या माणसांच्या रकान्यात वर्षानुवर्षं वीस हजारांच्या आसपासचा आकडा बसून राहिलेला दिसतो. साप मारण्याचा आणि माणूस वाचण्याचा काही संबंध आहे का, हे तपासायला दोन रकाने शेजारी शेजारी होते. तरी योजना चालूच राहिली.

यातलं सर्वांत विलक्षण प्रकरण रत्नागिरीचं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला. तिथले कातळ, तिथले सडे म्हणजे फुरशाचं माहेरघर. व्हिडाल नावाचे सनदी अधिकारी, सापांचे मोठे अभ्यासक, यांनी नोंदवलंय की या जिल्ह्यात बक्षिसासाठी मारलेल्या फुरशांची सहा वर्षांची सरासरी वर्षाला सव्वादोन लाखांवर गेली होती. सव्वादोन लाख! १८८१ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती दहा लाखांच्या आत होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत दर चार-पाच माणसांमागे वर्षाला एक फुरसं. आणि सहा वर्षांची सरासरी काढता येते, म्हणजे सहा वर्षं पुरवठा आटला नाही, एवढं तर शाळकरी पोरालाही कळेल. फुरसं अंडी घालत बसत नाही, पिल्लंच देतं. कोकणातल्या गरीब माणसाने चिरे उलथावेत, काठीने दाबावं, मडक्यात भरून कचेरीत न्यावं आणि चार पैसे आणावेत. त्याच्या दृष्टीने ते एक पीकच होतं, आंब्या-काजूसारखं. दोष त्याचा नाही. वहीत रकाना सापाचा होता, म्हणून त्याने साप आणून दिला.

इथे एका लोकप्रिय गोष्टीचा समाचार घेतला पाहिजे, कारण ती हल्ली सगळीकडे ऐकू येते. दिल्लीत म्हणे इंग्रजांनी नागामागे बक्षीस लावलं, लोकांनी नाग पाळायला सुरुवात केली, बक्षीस बंद झाल्यावर ते सोडून दिले आणि नाग आधीपेक्षा वाढले. अर्थशास्त्रज्ञ हिला ‘कोब्रा इफेक्ट’ म्हणतात. २००१ साली होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने याच नावाचं पुस्तक लिहिल्यापासून ती फार फिरली. गोष्ट सुरेख आहे, तात्पर्य तयार आहे. फक्त दिल्लीत असं घडल्याचा भक्कम कागदोपत्री पुरावा कुणी समोर ठेवलेला नाही. आम्हाला या गोष्टीत खटकतं ते वेगळंच. तिच्यात नेटिव्ह लबाड आणि साहेब भोळा. रत्नागिरीच्या आकड्यांत लबाडी शोधायची गरजच पडत नाही. सगळं प्रामाणिकपणे चालूनही योजना निरर्थक होती, कारण मोजायची वस्तूच चुकली होती.

बरं, चावल्यावर काय करायचं? फेयररनी त्या काळी प्रचलित असलेले उपाय कुत्र्यांवर, कोंबड्यांवर तपासून पाहिले. अमोनिया, मुळ्या, सर्पमणी म्हणून विकले जाणारे खडे. पुरेसं विष गेलेलं असेल तर कशाचाच उपयोग होत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे खुद्द फेयरर, लॉडर ब्रंटन आणि लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०४ साली दंशाच्या जागी चिरा देऊन पोटॅशियम परमँगनेट भरण्याचा उपाय सुचवला. त्यासाठी एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला औषध असं छोटं हत्यार निघालं. त्यानेही प्राण वाचत नाहीत, उलट मांस जळतं, हे नंतर सिद्ध झालं. पण चिरा देण्याची खोड गावात राहिली ती राहिलीच. खेड्यातले लोक अडाणी म्हणून कापाकापी करतात असं म्हणताना आपण विसरतो की एकेकाळी हे सरकारी डॉक्टरांचं शास्त्र होतं.

मांत्रिकाचा प्रश्नही नीट पाहिला पाहिजे, नुसती चेष्टा करून भागत नाही. १८९१ साली आजच्या व्हिएतनाममध्ये, बाक ल्यू गावाजवळ, पुराच्या पाण्यामुळे नाग लोकवस्तीत शिरले. चाळीसेक माणसांना चावले. मेले चार. छत्तीस वाचले, आणि तेव्हा तर जगात कुठेच औषध नव्हतं. कारण असं की साप प्रत्येक वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही, कधी कधी दंश कोरडा जातो. आपल्याकडे तर चावणारे बरेचसे साप मुळात बिनविषारी असतात. धामण, दिवड, नानेटी, कवड्या. आता या छत्तीसांना मांत्रिकाकडे नेलं असतं तर काय झालं असतं? कडुलिंबाचा पाला, मंत्र, आणि छत्तीस जण बरे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! मांत्रिक खोटं बोलत नसतो, त्याला अनुभव असतो. मेलेले चार त्याच्या हिशेबात येत नाहीत, ‘फार उशिरा आणलंत’ म्हणून ते वेगळे काढले जातात. म्हणजे बघा, मांत्रिकाची वही आणि कलेक्टरची वही, दोन्हीतून गळतो तो मेलेला माणूसच.

त्या पुराच्या वेळी सायगावात आल्बेर काल्मेत हा तरुण फ्रेंच डॉक्टर पाश्चर संस्थेची प्रयोगशाळा चालवत होता. पकडलेले नाग त्याच्याकडे आले, तो विषावर काम करू लागला, आणि चार-पाच वर्षांत त्याने घोड्याच्या रक्तातून प्रतिविष काढून दाखवलं. तत्त्व आजही तेच आहे. घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचत जायचं, त्याचं शरीर प्रतिकारक द्रव्य तयार करतं, ते रक्तातून वेगळं काढून माणसाला द्यायचं. सर्पदंशावर माणसाच्या हाती लागलेलं हे पहिलं खरं औषध.

काल्मेतला आशा होती की हे एकच औषध सगळ्या सापांवर चालेल. इथे आपलं परळ येतं. प्लेगवर लस काढण्यासाठी हाफकिन यांनी मुंबईत सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तिथे जॉर्ज लॅम्ब या डॉक्टरने काल्मेतचं औषध आपल्या सापांवर तपासलं, तर नागाच्या विषाला ते उतरतं, पण घोणशीच्या विषापुढे त्याचं काही चालत नाही असं दिसलं. नागाचं विष नसा बधिर करतं, श्वास थांबवतं; घोणशीचं रक्ताची गोठण्याची ताकदच घालवतं. विष वेगळं तर उतारा वेगळा. आज आपल्याकडे जे इंजेक्शन मिळतं ते चारही सापांच्या विषांवर मिळून केलेलं असतं. त्यामुळे कोणता साप चावला हे ठरवण्यासाठी तो पकडत बसायची किंवा मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची काहीएक गरज नाही. या नादात दुसरा माणूस चावून घेतो, आणि पहिल्याचा अर्धा तास जातो.

याच हाफकिनमधले पी. जे. देवरस यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलं. पुढे पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत काढले, आणि १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं हा गुन्हा ठरवला. शंभर वर्षांपूर्वी ज्या कामाला सरकार बक्षीस देत होतं, त्याच कामाला शिक्षा झाली. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा न्यायालयापर्यंत गेली, ते सगळं आपल्याला माहीत आहे. त्यात आज शिरत नाही. सापाबद्दलची आपली दृष्टी बदलली एवढं खरं, आणि ते चांगलंच झालं.

मग माणसाच्या रकान्याचं काय? स्वातंत्र्यानंतर रुग्णालयांत नोंदलेले मृत्यू हाच सरकारी आकडा झाला, आणि तो वर्षाला दीड-दोन हजारांच्या घरात फिरत राहिला. वाटलं, प्रश्न सुटत आलाय. मग काही संशोधकांनी वेगळी वाट धरली. रुग्णालयात न जाता ते घराघरांत गेले आणि विचारलं, तुमच्याकडे कोण वारलं, कसं वारलं, आधी काय होत होतं. २०११ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: एकट्या २००५ सालात सुमारे ४६,००० सर्पमृत्यू. त्यातले ९७ टक्के खेड्यांत, आणि रुग्णालयात झालेले जेमतेम २३ टक्के. बाकीचे घरी, वाटेत, बैलगाडीत, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून नेताना. २०२० साली याच पद्धतीचा मोठा अभ्यास आला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली मुलं. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे भाताची लावणी, निंदणी, ओला गोठा आणि अंधारी पहाट. महाराष्ट्र यात सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत नाही, पण म्हणून आपण सुटलो असंही नाही.

मंडळी, फेयररनी जे १८६९ साली विचारलं ते नीट विचारायला आपल्याला एकविसावं शतक उजाडलं. हा नुसता विद्वानांचा हिशेब नव्हे. औषध किती बनवायचं, कुठल्या आरोग्य केंद्रात किती कुप्या ठेवायच्या, हे या आकड्यावर ठरतं. गंभीर दंशाला पहिल्याच डोसात दहा-दहा कुप्या लागतात. दोन हजार मृत्यू धरून साठा केला तर तो साठा शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जातो, डोंगरातल्या केंद्रात फळीवर काहीच नसतं, आणि तिथला डॉक्टर ‘पुढे न्या’ एवढंच म्हणू शकतो. घराच्या हिशेबातही तेच. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने आपल्याकडे जी अपघात योजना आहे, तिच्यात सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. पण त्याला कागद लागतात. मण्यार चावून पहाटे गेलेल्या माणसाच्या अंगावर खूण नाही, दवाखाना गाठलेला नाही, सकाळी दहाला अंत्यसंस्कार उरकलेला आहे. त्याची बायको तहसील कचेरीत कोणता कागद नेणार? मगाशी म्हटलं होतं ना, याचा संबंध येईल म्हणून.

लॅम्बने काढलेला प्रश्नही मिटलेला नाही. आपल्या औषधासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुळा समाजाची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. कातड्यासाठी साप पकडण्याचा त्यांचा धंदा कायद्याने बंद झाला, तेव्हा तेच कसब त्यांनी विष काढण्याकडे वळवलं. काम झालं की साप सोडून देतात. फार मोठं काम आहे हे. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रदेशांत बदलतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगांत दिसून आलंय. म्हणजे दक्षिणेतल्या सापावर बनलेलं औषध दुसऱ्या मुलखातल्या दंशाला काही वेळा कमी पडू शकतं. कोकणातल्या घाटमाथ्यावर मिळणारा हिरवा चापडा तर या चौघांत धरलेलाच नाही.

२०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचा. त्याआधी महिनाभर कर्नाटकाने सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना तसं करायला सांगितलं. म्हणजे आता सरकारी असो की खाजगी, दवाखान्यात आलेला प्रत्येक दंश आणि प्रत्येक मृत्यू कळवावा लागणार. दवाखान्यात आलेला, बरं का. जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही त्याची नोंद अजूनही गावातल्या माणसाच्या तोंडूनच व्हायची आहे, १८६९ सारखीच. फरक इतकाच की तेव्हा पाटील होता, आता आशाताई आहे. तिच्या वहीत गरोदर बायकांचा रकाना आहे, लसीकरणाचा आहे, क्षयाचा आहे. ‘पहाटे पोटात दुखून गेला, रात्री जमिनीवर झोपला होता’ एवढं लिहायला त्यात जागा आहे का, हे आपापल्या गावात जाऊन विचारता येण्यासारखं आहे.